पोरासाठी गेमिंग कॉम्प्युटर घेताय? आधी घरची लाईन बघा, मग ग्राफिक कार्ड

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजला तो असा. मुलगा आठवीत आहे. गाव राळेगाव तालुक्यात, तालुक्यापासून वीस-बावीस किलोमीटर आत. कापसाचे पैसे हाती आलेत, त्यातले ५० हजार तुम्ही यासाठी बाजूला काढलेत आणि तूर विकली की आणखी पाचेक हजार घालायची तयारी आहे. पोरगा आतापर्यंत मोबाईलवर फ्री फायर मॅक्स खेळायचा, आता व्हॅलोरंट आणि जीटीए म्हणतोय. तुमच्यासमोर तीन तयार कॉम्प्युटर आहेत. पहिला ऑनलाइन २७ हजारांचा, ‘आय७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड’ लिहिलेला, मॉनिटर-कीबोर्डसकट. दुसरा मोठ्या कंपनीचा ७२ हजारांचा, हप्त्यावर मिळणारा. तिसरा नागपूरच्या दुकानदाराने जोडून दिलेला ४८ हजारांचा, मॉनिटर सोडून. यातला कोणता घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

यवतमाळ जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी माझं विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. तुमच्यासारखे बाप दर दिवाळीनंतर माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न ‘तिघांतला कोणता’ हा नाही. जो डबा तुम्ही घरी न्याल तो तुमच्या गावातल्या लाईनीवर, मे महिन्याच्या उन्हात, तालुक्यापासून बावीस किलोमीटर लांब तीन-चार वर्षं चालेल का, आणि बिघडला तर जवळपास कोणी उघडून दुरुस्त करू शकेल का, हा खरा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत जे सांगतात ते चूक नसतं, पण त्यांच्याकडे लाईन स्थिर असते आणि सर्व्हिस सेंटर दोन गल्ल्या पलीकडे असतं. आपलं गणित तिथूनच वेगळं होतं.

आधी २७ हजारांच्या ‘आय७’चं सांगतो, कारण मन त्याच्याकडेच ओढलं जातं. ‘आय७’ हे इंटेलच्या प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, एका मालिकेचं नाव. नुसतं ‘आय७’ म्हणजे काहीच सांगितलं नाही. सोयाबीनचं बियाणं घेताना आपण वाण विचारतो, तसा इथे पूर्ण नंबर विचारायचा. असल्या सेटमध्ये बहुतेक वेळा आय७ २६०० किंवा ३७७० निघतो. पहिला २०११ सालचा, दुसरा २०१२ सालचा. जुन्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर आणि त्याच्यासाठी नव्याने बनवलेला स्वस्त बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), वरून रंगीत लाईटचे पंखे. २०२२ सालचा चार कोरचा साधा आय३ १२१०० त्याला आरामात मागे टाकतो.

यात ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून जे येतं ते पुष्कळदा जीटी ७३० असतं, २०१४ सालचं. कार्डाची ताकद जीबीवर ठरत नाही. जिनिंगमध्ये आवार कितीही मोठं असलं आणि वजनकाटा एकच असला, तर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत जाते ना? तसंच आहे. ४ जीबी म्हणजे आवार मोठं, पण माल आत-बाहेर करायची वाट अरुंद.

दुसरी अडचण आणखी मोठी आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालवायला मशीनमध्ये टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, ते या जुन्या बोर्डांवर नसतं. म्हणजे डबा घरी येईल, लाईट लागतील, पोरगा गेम उतरवेल आणि स्क्रीनवर एरर येईल. मागच्या वर्षी एक आजोबा नातवासाठी असाच सेट घेऊन माझ्या दुकानात आले. ‘याच्यात काही टाकून चालू करून दे बापू’ म्हणाले. टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं. मॉनिटर आणि कीबोर्ड ठेवून बाकी सगळं बदलावं लागलं. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवतो, म्हणून हा पर्याय मी सरळ खोडतो.

७२ हजारांचा कंपनीचा मशीन वाईट नाही. त्यात विंडोज अधिकृत असतं, जोडणी नीट असते, सहसा एक वर्षाची घरपोच वॉरंटी असते. पण ‘घरपोच’ शब्दावर थांबू नका. कंपनीला फोन करून तुमच्या गावचा पिनकोड सांगा आणि माणूस तिथे येतो का ते विचारा. पुष्कळ वेळा उत्तर येतं, ‘मशीन यवतमाळला किंवा नागपूरला आणून द्या.’ दुसरं, अशा कंपन्यांचे अनेक डेस्कटॉप स्वतःच्या मापाचा बोर्ड आणि स्वतःच्या पिनांचा एसएमपीएस (डब्याला वीज पुरवणारी पेटी) वापरतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस गेला तर माझ्या दुकानातला त्यात बसत नाही. कंपनीकडून मागवावा लागतो, तो महाग पडतो आणि वेळही लागतो.

तिसरं हप्त्याचं. हप्ता दर महिन्याला येतो, आपल्या हातात पैसा वर्षातून दोनदा येतो, एकदा सोयाबीन-कापसाचा आणि एकदा तुरी-हरभऱ्याचा. पाऊस रुसला किंवा बोंडअळी आली की त्या वर्षी तोही अर्धा. मशागतीच्या दिवसांत, बियाण्या-खताच्या तोंडावर गेमच्या मशीनचा हप्ता घरात भांडण लावतो. नोकरीवाल्या घराला मी हा पर्याय सांगतो, तुम्हाला सांगत नाही.

उरला नागपूरचा ४८ हजारांचा. याच्या कोटेशनमध्ये तुम्ही लिहिलंय: आय३ १२१००एफ, ८ जीबीची एक रॅम, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड, ५०० जीबी एसएसडी (खेळ साठवायची डिस्क), ‘गेमिंग कॅबिनेट विथ एसएमपीएस’. दिशा बरोबर आहे. प्रोसेसर ठीक, कार्ड ठीक. ते कार्ड फक्त ७० वॅट घेतं, त्याला वेगळी पॉवरची वायरही लागत नाही, आणि आपल्याकडच्या लाईनीला कमी खाणारं कार्ड केव्हाही बरं. पण तीन गोष्टी खटकतात. रॅम ८ जीबी आजच्या खेळांना पुरत नाही. मॉनिटर आणि यूपीएस धरले तर बेरीज ६० हजारांच्या जवळ जाते. आणि ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ हे शब्द वाचून माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याला काळजी वाटते.

आता एसएमपीएस आणि लाईन. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या दुकानात मेलेले जे कॉम्प्युटर येतात त्यातले बहुतेक लाईनीनेच मेलेले असतात.

एसएमपीएस म्हणजे डब्यातली ती लोखंडी पेटी, जी घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देते. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या पेटीवर ४५० वॅट, ५०० वॅट असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते वाचू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. १६ ॲम्पिअर असेल तर झाले १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही याच १२ व्होल्टवर जगतात, म्हणजे त्यांच्यासाठी ती पेटी १९२ वॅटचीच आहे. खऱ्या ४५० वॅटच्या पेटीत हा आकडा ३५ ॲम्पिअरच्या आसपास असतो. हातात घेऊन बघा, चांगली पेटी जड लागते. ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा) छाप, नाव असलेली कंपनी, आणि इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेली पेटी मागा. संध्याकाळी गावात व्होल्टेज १७० वर उतरलं तरी अशी पेटी मशीन बंद पडू देत नाही. काही साध्या पेट्यांवर मागे ११५/२३० असं लाल बटण असतं. ते लहान पोराच्या हाताने ११५ वर सरकलं आणि मशीन चालू केलं की फटाक्यासारखा आवाज होतो आणि पेटी संपते. माझ्याकडे असे तीन आलेत. बटण असेल तर त्यावर पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावा.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या वादळात आमच्या तालुक्यातल्या एका गावी डीपीवरचा न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की घराघरात २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्ट जाऊ शकतात. त्या ओळीतल्या दोन घरांत मीच दिलेले कॉम्प्युटर होते. एका घरी ग्राहकाने पैसे वाचवायला कॅबिनेटवालीच पेटी ठेवायला लावली होती, यूपीएसही घेतला नव्हता. तिथे पेटी, बोर्ड, एसएसडी सगळं गेलं. दुसऱ्या घरी यूपीएस जळाला, डबा वाचला. चांगली पेटी आणि यूपीएस असले की काहीच होणार नाही अशी खात्री मी देत नाही, एवढ्या व्होल्टपुढे काहीही जाऊ शकतं. पण आधी कोण मरणार ते आपण ठरवू शकतो, तीन हजारांचा यूपीएस की पस्तीस हजारांचा डबा.

त्याहून आधी अर्थिंग. ‘भाऊ, डब्ब्याले हात लावला का झिणझिण्या येतात’ हे वाक्य मी आठवड्याला एकदा ऐकतो. कारण साधं आहे. एसएमपीएसच्या आत दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजकडून डब्याच्या पत्र्याला आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग असेल तर त्यातून येणारा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट बसतात. करंट अगदी कमी असल्याने सहसा झिणझिण्यांवर भागतं, पण अनवाणी, ओल्या फरशीवर बसलेल्या लेकराच्या बाबतीत मला ‘सहसा’ नको वाटतं. शिवाय एचडीएमआयची वायर लावता-काढताना तोच करंट पोर्ट मारतो. म्हणून कॉम्प्युटर घरी यायच्या आधी गावातल्या वायरमनला बोलवा. त्याला फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब फेज-न्यूट्रलवर पेटतो तेवढाच लख्ख पेटला पाहिजे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर खड्डा नव्याने करा, मीठ-कोळसा, पाईप, वायर मिळून फार खर्च येत नाही. ही तपासणी स्वतः करू नका, वायरमनलाच करू द्या. तुमच्या प्रश्नात पैशांबद्दल दहा ओळी होत्या, अर्थिंगबद्दल एकही नव्हती, म्हणून एवढं लांबवलं.

यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तर तो साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो. तुम्हाला पुरेल अशा मशीनला आणि मॉनिटरला तो चालतो. गेम चालू असताना पाच-दहा मिनिटं मिळतील, तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करायचं, त्यासाठीच तो असतो. बॅटरी दोन-अडीच वर्षांत बदलायची तयारी ठेवा, आपल्या उन्हात ती लवकर बसते. घरी इन्व्हर्टर असेल आणि तो साईन वेव्हचा असेल, तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवून काही घरांत कॉम्प्युटर चालतो. जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मात्र लावू नका. आणि जून-जुलैत आभाळ गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, थ्री-पिन काढूनच ठेवायची. नेटची वायर असेल तर तीही. घरात सगळ्यांनाच हे सांगून ठेवा, तुम्ही त्या वेळी वावरात असाल.

आता ऊन आणि धूळ. ग्राफिक कार्ड जोरात चालताना खोलीपेक्षा साधारण चाळीस अंश वर तापतं. नागपूर-अकोला-चंद्रपूरच्या पट्ट्यात बाहेर ४५-४६ असताना दुपारी पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते तुम्ही जाणता. कार्ड ८०-८५ च्या पुढे गेलं की ते स्वतःचा वेग कमी करतं, पोराला वाटतं मशीन खराब झालं. म्हणून समोर काच असलेलं सुंदर कॅबिनेट घेऊ नका, समोर जाळी असलेलं घ्या, पुढून एक आणि मागून एक पंखा पुरे. कूलरचा झोत थेट डब्यावर पडू देऊ नका, त्या हवेत पाणी असतं, वर्षभरात पिनांवर गंज दिसतो. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच मशीन बंद, हा नियम घरात लावला तर मशीनही टिकतं आणि पोरगाही झोपतो.

आणि कापूस. तुमच्याकडे भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच साठवत असाल तर मशीन त्या खोलीत ठेवू नका. कापसाचा बारीक तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत असा बसतो की नमद्यासारखा थर निघतो. जमिनीवर नाही, टेबलावर ठेवा. तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून खराब होतात. मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या सोडू नका. पाल एसएमपीएसमध्ये शिरून दोन टोकांना चिकटते आणि स्वतःबरोबर मशीनही घेऊन जाते. हे मी ऐकीव सांगत नाही, मी त्या पाली चिमट्याने काढलेल्या आहेत.

मग घ्यायचं काय? हे तुमच्या पोराला खरोखर काय खेळायचंय यावर ठरतं, आणि ते तुम्ही त्यालाच विचारा. व्हॅलोरंट, माईनक्राफ्ट आणि एम्युलेटरवर (मोबाईलचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) फ्री फायर मॅक्स एवढंच असेल तर वेगळ्या ग्राफिक कार्डाची आज गरज नाही. रायझन ५ ५६००जी हा २०२१ चा प्रोसेसर आहे, सहा कोरचा, आणि त्याच्या आतच बरं ग्राफिक आहे. त्यावर व्हॅलोरंट छान चालतो, जीटीए ५ ही सेटिंग खाली ठेवून खेळण्यासारखा चालतो. अट एकच. रॅम १६ जीबी हवी आणि ती ८ च्या दोन पट्ट्यांत हवी. आतलं ग्राफिक रॅमच वापरतं, दोन पट्ट्या म्हणजे दोन दारं. एकच पट्टी लावलेल्या आणि दोन लावलेल्या मशीनमधला फरक मी ग्राहकांना समोर चालवून दाखवतो, डोळ्यांना दिसतो. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकल्यापासून दुकानदार एकच पट्टी टाकून कोटेशन उतरवतात, तिथे लक्ष ठेवा.

माझं मत तुमच्यासाठी याच बाजूला आहे. यंदा ५६००जी, दोन पट्ट्यांची १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, चांगली ५५० वॅटची पेटी, जाळीचं कॅबिनेट. हे आजच्या भावात छत्तीस ते चाळीस हजारांच्या घरात बसतं. सात-आठ हजारांत २२ किंवा २४ इंची फुल एचडी आयपीएस मॉनिटर, तीन हजारांचा यूपीएस, दोन-तीन हजार अर्थिंग आणि घरातल्या प्लगच्या बोर्डाला. कीबोर्ड-माऊस साधाच घ्या. तूर विकून येणारे पाच हजार इथे कामी येतात. भाव आठवड्याला हलतात, त्यामुळे दोन-तीन हजार इकडे-तिकडे होतील. पुढच्या वर्षी पीक साधलं आणि पोराची आवड टिकली तर त्याच डब्यात आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी कार्ड बसवा, पेटी तेव्हा बदलावी लागणार नाही. एक सांभाळा, आरएक्स ६५०० एक्सटी किंवा ६४०० स्वस्त दिसलं तरी ५६००जी सोबत घेऊ नका. ती कार्डं बोर्डाशी फक्त चार लेनने (वाटांनी) बोलतात आणि ५६००जी जुन्या, संथ पीसीआय ३ वर चालतो, त्यामुळे त्यांची वाट निम्मी होते आणि वेग उतरतो.

पोराचं मन जीटीए आणि नव्या मोठ्या खेळांवरच असेल, तर नागपूरवाल्याचंच मशीन घ्या, पण रॅम १६ करायला लावा, पेटी बदलायला लावा आणि मॉनिटरच्या जागी सहा महिने घरचा टीव्ही वापरा. यात एक धोका लक्षात ठेवा. १२१००एफ मधला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तर तेवढे दिवस स्क्रीनच येणार नाही. ५६००जी मध्ये कार्ड काढलं तरी मशीन चालूच राहतं. गावात बसून महिनाभर कार्डाची वाट बघणाऱ्याला याची किंमत कळते.

हात खूपच आखडता असेल तर आणखी एक वाट आहे. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले, आठव्या पिढीच्या आय५ चे डेस्कटॉप दुरुस्त करून, वॉरंटीसह विकतात. आय५ ८५०० सहा कोरचा आहे, विंडोज ११ घेतो, आणि बजेटच्या निम्म्यात मॉनिटरसकट बसतो. मोठं टॉवरवालं मॉडेल घ्या, चपट्या डब्यात पूर्ण उंचीचं कार्ड जात नाही. त्याच्या पेटीतून कार्डाला वेगळी वायर निघत नसते, स्लॉटमधून मिळतात त्या ७५ वॅटवर चालणारंच कार्ड पुढे लावता येतं. पण सुट्टं जुनं कार्ड कोणी स्वस्तात देत असेल तर जपून. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं चालवून ते कमावणं) बंद झालं तेव्हा वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात ओतली गेली, आरएक्स ५८० सारखी. धुऊन-पुसून ती अजून फिरतात.

नेटबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, ‘फायबर नाही, मोबाईलचं नेट आहे’. पोराला अजून हे लक्षात आलं नसेल. जीटीए ५ शंभर जीबीच्या आसपास आहे. रोज २ जीबीच्या पॅकवर तो उतरवायला पन्नास दिवस लागतील, आणि तेवढे दिवस घरात कोणी दुसरं काही बघायचं नाही. म्हणून मशीन घेताना दुकानदाराला सांगा, खेळ दुकानातच उतरवून द्या. मी दिवसभर ठेवून घेतो आणि मुलाच्या खात्याने लॉगिन करून सगळं भरून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही, कोणी दोनशे-तीनशे मागितले तर द्या. ‘क्रॅक’ (खेळाची चोरीची प्रत) भरून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. असल्या फायली चालवायला अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि त्याच मशीनवर उद्या तुम्ही बँकेचं पान उघडाल. ऑनलाइन खेळायला डेटा कमी लागतो, पण संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की खेळ अडखळतो. तो दोष मशीनचा नाही, पोराला आधीच सांगून ठेवा.

जीटीएबद्दल एक बाप म्हणून सांगतो. तो खेळ १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यात मारामारीपलीकडेही बरंच काही आहे. तुमचा मुलगा तेराचा आहे. निर्णय तुमचा, पण आधी अर्धा तास शेजारी बसून बघा. मशीन माजघरात ठेवा, बंद खोलीत नको. विंडोजमध्ये मुलाचं खातं वेगळं करून मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीने वेळ ठरवता येतो, बंद झालं की झालं, रोज ओरडावं लागत नाही. तुमच्या फोनवरचा यूपीआय पिन त्याला कळू देऊ नका. खेळातल्या कपड्या-बंदुकांवर महिन्याला हजार-दोन हजार उडालेले बाप मी पाहिलेत.

घ्यायला जाल तेव्हा पोराला सोबत न्या. नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जा किंवा यवतमाळला, पण दुकानात अर्धा तास मशीन चालवून बघा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर आणि रॅमचे किती स्लॉट भरलेत ते दिसतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर नकली कार्ड ओळखतं. क्रिस्टलडिस्कइन्फो मध्ये एसएसडी आधी किती तास चाललीय ते कळतं, नव्या एसएसडीवर हजारो तास कसे? बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, ‘गेमिंग पीसी – १ नग’ असं नको. प्रोसेसर, बोर्ड, कार्ड यांची वॉरंटी सहसा तीन वर्षांची असते, पण ती सीरियल नंबरावर मिळते. विंडोजचं लायसन्स दिलंय की नाही तेही बिलात दिसू द्या. सगळी खोकी घरी आणा आणि माळ्यावर ठेवा.

आणताना काळजी घ्या. एसटीच्या मागच्या सीटवर उभा ठेवलेला डबा आमच्याकडच्या खड्ड्यांत उड्या मारतो. कार्ड बसवलेलं असेल तर ते त्याच्या खोक्यात वेगळं आणा, घरी गेल्यावर बसवायला पाच मिनिटं लागतात, दुकानदाराकडून एकदा शिकून घ्या. गाडीने आणत असाल तर डबा आडवा ठेवा, बोर्डाची बाजू खाली, म्हणजे आतलं सगळं उभं राहतं. घरी जोडल्यावर मॉनिटरची वायर कार्डाला लावा, वरच्या बोर्डाच्या पोर्टला नाही. कार्ड असून मशीन हळू चालतं म्हणून वीस किलोमीटर घेऊन आलेल्या माणसांची मी फक्त वायर बदलून दिलीय.

आता दोन गोष्टी मला कळवा. वायरमनने बल्ब लावून बघितल्यावर काय सांगितलं, आणि नागपूरच्या दुकानदाराने एसएमपीएसचं पूर्ण नाव-मॉडेल काय लिहून दिलं. लेबलचा फोटो मिळाला तर उत्तमच. त्यावरून त्याचं कोटेशन तसंच घ्यायचं की त्यालाच ५६००जी चं नवं करून मागायचं, ते मी लगेच सांगतो.